थाळीवरचा वरवंटा

वाईच्या घरी मटकी भिजायची ती एका ठरलेल्या पातेल्यात. पितळेचं, आतून कल्हई केलेलं, गळ्याशी जरा चेपलेलं. एकदा पाहुणे यायचे होते म्हणून आजीने नेहमीपेक्षा जास्त मटकी घेतली, अगदी काठाच्या खाली तीन बोटं राहतील इतकी. वर पाणी ओतलं. मांजर तोंड घालेल म्हणून थाळी झाकली आणि थाळीवर पाट्याचा वरवंटा आडवा ठेवला. पहाटे धप्पकन आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर वरवंटा जमिनीवर, थाळी एका बाजूने वर उचललेली आणि फटीतून मटकीचे टपोरे दाणे बाहेर डोकावताहेत. मी मांजराच्या नावाने शंख करायला लागले. आजी डोळे चोळत आली, थाळी उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "मांजर कुठलं गं! मटकी फुगलीय. माझाच अंदाज चुकला."

तिचा अंदाज सहसा चुकत नसे. कोरडी एक वाटी, भिजून दोन, मोड आल्यावर तीन, असा तिचा हिशेब होता आणि तो तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नव्हता. पण तीन किलोचा तरी असेल असा दगड मटकीच्या दाण्यांनी रात्रीतून ढकलून दिला, याचं तिला काही वाटलं नाही. मला मात्र ते पातेलं आजतागायत विसरता आलेलं नाही.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की हाच प्रयोग १७२७ साली छापून आलेला आहे. करणारे गृहस्थ होते स्टीफन हेल्स, लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे पाद्री. रविवारी प्रवचन आणि उरलेल्या दिवशी मोजमाप, असं त्यांचं आयुष्य. घोडीच्या धमनीला नळी जोडून रक्त किती उंच चढतं हे पहिल्यांदा मोजणारेही तेच. वनस्पतींवरच्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे, की लोखंडी भांड्यात वाटाणे आणि पाणी जवळजवळ काठोकाठ भरलं, वर शिशाचं झाकण ठेवलं आणि झाकणावर १८४ पौंडांचं वजन रचलं. म्हणजे साधारण ८३ किलो. वाटाण्यांनी ते वजन उचललं. वाटाण्याच्या अंगचा हाच जोर पुढे कोंब वर ढकलायला आणि मूळ जमिनीत घुसवायला कामी येत असणार, असं अनुमानही त्यांनी तिथेच काढलं. ते पूर्ण बरोबर नव्हतं, पण दिशा बरोबर होती. त्यांना भेटायची संधी मिळाली असती तर आजीने त्यांना आधी हे विचारलं असतं, की उचललेल्या वाटाण्यांची पुढे उसळ केलीत की नाही.

हा जोर येतो कुठून? कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं. बाकीचा ऐवज म्हणजे प्रथिनं, पिष्ट आणि पेशींच्या भिंती, सगळे तहानलेले. पाण्याचा रेणू जवळ आला की ते त्याला चिकटवून घेतात आणि त्याला जागा करून देण्यासाठी एकमेकांपासून दूर सरकतात. एकेका रेणूचं हे सरकणं नगण्य. पण असे असंख्य रेणू एकाच दिशेला रेटा देत असतात आणि कोरड्या दाण्याची ओढ सुरुवातीला वायुदाबाच्या शेकडो पट असते. यात जिवंतपणाचा काही संबंध नाही, हे मला समजलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. डब्याच्या तळाशी दहा वर्षं राहून जीव गेलेला दाणासुद्धा तितकाच टम्म फुगतो. थाळी ढकलणारी मटकी त्या घटकेला जिवंत होती की मेलेली, हे वरवंट्याला कळायचा मार्ग नव्हता.

मेलेल्या वनस्पतीच्या या जोरावर आपल्याकडे कामं मात्र रोजची चालत आली आहेत. टिकावाचा दांडा ढिला झाला की शेतकरी पाचर शोधत बसत नाही, टिकाव रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. सकाळी लाकूड फुगून भोकात घट्ट बसलेलं असतं. बैलगाडीच्या चाकांचंही तेच. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, आरे तुंब्यात खुळखुळायला लागतात, लोखंडी धाव सैल पडते. मग चाकं काढून ओढ्यात नेऊन टाकायची. दोन दिवसांनी आरे आपले आपण जागेवर. सुतार ज्या पाण्याला लाकडाचा वैरी मानतो त्यालाच इथे तो मजूर म्हणून राबवतो. शहरात आपल्याकडे चाकं नाहीत, पण जुलैत फुगून बसणारं न्हाणीघराचं दार आहे. ते खांद्याने ढकलताना आपण बिल्डरला शिव्या घालतो. खरं तर आपण त्या वेळी हेल्स यांच्या भांड्याच्या झाकणाच्या जागी असतो.

भिजलेल्या मटकीत हात घातला की काही दाणे खड्यासारखे कडक लागतात. रात्रभर पाण्यात राहूनही त्यांनी थेंब घेतलेला नसतो. यांना म्हणतात गणंग. उसळीत एखादा राहिला तर दाताचं काही खरं नाही, म्हणून आजी ते वेचून काढायची आणि निरुपयोगी माणसालाही तेच नाव द्यायची. स्वयंपाकघरात गणंग नकोसा, हे ठीकच. पण मटकी ही मुळात कोरडवाहू मुलखातली वेल. तिच्या बाजूने पाहिलं तर गणंग हा घरातला सगळ्यात सावध माणूस. त्याच्या सालीवर पेशींचा असा थर असतो की पाणी आत शिरतच नाही. मृगाची एक सर पडली, सगळ्या दाण्यांना मोड आले आणि पुढे महिनाभर पावसाने दडी मारली, तर सगळे करपून मरतील. गणंग तेवढा मातीत पडून राहतो. ऊन, थंडी, मातीची घासाघीस यांनी साल कधीतरी, कदाचित पुढच्या वर्षी, कदाचित त्याच्याही पुढच्या, चिरते आणि मग तो उठतो. शेतकऱ्याने निवडून निवडून बियाणं वापरल्यामुळे लागवडीच्या कडधान्यांत हा गुण कमी होत गेला, पूर्ण गेला नाही. पातेल्यात तळाला दोन-चार गणंग दिसले की मला रानातली मटकी अजून शिल्लक आहे असं वाटतं.

फुगणं आणि मोड येणं यांच्या मधे काही तास असे जातात की बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही. दाणा पाणी पिऊन तृप्त, वजन स्थिर. आजी या वेळात मटकी उपसून धुतलेल्या पंचात बांधायची आणि थंडीत ती पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवायची. कापडाच्या आत त्या वेळी सगळा कारखाना सुरू होत असतो. वाळवणात गुंडाळून ठेवलेली विकरं जागी होतात, साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते, दाण्याचा श्वास वाढतो. पुरचुंडी हाताला कोमट लागते ती यानेच. मेलेला आणि जिवंत दाणा इथे वेगळे होतात. मेलेला फुगून थांबतो आणि आंबूस वास मारायला लागतो.

याच तासांत दाण्यात आणखी एक गोष्ट नव्याने तयार होते, क जीवनसत्त्व. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसतं. या तपशिलाला एक करुण किनार आहे. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत इथे तुर्की सैन्याने इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची पोरं. ताजी भाजी नाही, त्यामुळे हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. पुढच्याच वर्षी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी आपल्या प्रयोगांच्या आधारे मांडलं, की सुकं कडधान्य स्कर्व्हीवर निरुपयोगी, पण तेच भिजवून मोड आणले की गुणकारी. ज्यांच्या घरी दर आठवड्याला पंचात मटकी बांधली जात होती त्यांच्या शिधावाटपाचं गणित तिसऱ्याच लोकांच्या हातात होतं.

मोड बाहेर आला की जोराचा प्रकार बदलतो. आता कोरड्या पिठाची तहान उरत नाही. आता प्रत्येक पेशी एक पाण्याने भरलेला फुगा असते. पेशीच्या आत साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यांच्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. भिंत फुगू देत नाही, पाणी यायचं थांबत नाही, म्हणून आत दाब चढतो. वाढायचं ठरलं की पेशी आपली भिंत ठरावीक जागी थोडी सैल सोडते. दाबाने भिंत ताणली जाते आणि पेशी लांबते. रोप वाढतं म्हणजे ते स्वतःला ढकलत नाही, अडवून धरलेल्या पाण्याला थोडी थोडी वाट देतं. पाणी न घातलेल्या कुंडीत तुळस मान टाकते तेव्हा हाच दाब गेलेला असतो आणि तांब्याभर पाण्याने अर्ध्या तासात ती पुन्हा ताठ होते.

मुळाचा हा दाब किती, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९३ मध्ये फार सुंदर युक्तीने मोजलं. त्यांनी वाढतं मूळ प्लास्टरच्या दोन ठोकळ्यांत जखडलं. एक ठोकळा पक्का, दुसरा सरकणारा आणि त्याच्यामागे स्प्रिंग. हाड मोडलं की डॉक्टर घालतात तेच हे प्लास्टर, फक्त इथे जखडलेला अवयव प्लास्टर फोडायच्या तयारीत. मूळ लांबायला बघतं, ठोकळा रेटतं, स्प्रिंग आकडा सांगते. आजच्या मोजमापांनुसार बहुतेक मुळांचा रेटा वायुदाबाच्या साधारण पाच ते दहा पट भरतो. मोटारीच्या टायरात आपण हवा भरतो ती सव्वादोन पटीच्या आसपास. तेव्हा बोटांनी चिरडता येईल असं पांढरं मूळ टायरच्या दुपटीहून जास्त दाबाने फुगलेलं असतं. वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र केलं, ते हालचाल दहा हजार पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर टिंबांनी नोंदवायचं. वनस्पतींच्या संवेदनांविषयी त्यांनी काढलेले काही निष्कर्ष मला पटत नाहीत. पण लंडनमधल्या त्यांच्या प्रात्यक्षिकात ती टिंबांची रांग बघताना सभागृहातल्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

आता भिंतीकडे येऊ.

आम्ही राहतो ती ठाण्यातली इमारत चाळिशीची झाली. तिसऱ्या मजल्यावर सांडपाण्याच्या पाइपामागे पिंपळाचं रोप आहे. आहे म्हणजे, होतं, मग नव्हतं, मग पुन्हा आहे. पहिल्यांदा कापायला आलेल्या माणसाने शनिवार आहे म्हणून हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नारळ मागितला. पिंपळावर मुंजा असतो ही गोष्ट सोसायटीच्या सभेत कुणी उघड बोललं नाही, पण नारळाचे पैसे कुणाच्या खात्यातून द्यायचे यावर कुणी वादही घातला नाही. रोप कापलं. पावसाळ्यात त्याच जागी तीन फुटवे आले. मग एकाने हिंग पुरायला सांगितला, तो पुरला. दुसऱ्याने ॲसिड ओतलं, त्याने पिंपळाला काय झालं ठाऊक नाही, गिलावा मात्र भुसभुशीत झाला आणि मुळांना आणखी जागा मिळाली. शेवटी डांबर फासलं. काळ्या डांबरातून तांबूस, चकाकणारं कोवळं पान बाहेर आलं त्या दिवशी आमच्या सेक्रेटरींनी खालून वर बघत जे हात जोडले, ते वैतागाने की भक्तीने, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

कोवळा अंकुर दगड फोडतो, असं आपण भाषणांतून फार ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. मुळाचा दहा वातावरणांचा दाब चांगल्या काँक्रीटला फोडू शकत नाही. मूळ फोडत नाही, शोधतं. पिंपळाचं बी मिलिमीटरभराचं. बुलबुल, मैना, तांबट, वटवाघूळ कुणीतरी फळ खातं आणि बी विष्ठेतून पाइपामागच्या कंगोऱ्यावर टाकतं. त्याला लागतो उजेड आणि ओल, मातीची अट नाही. पाइप गळतो तिथे ओल असते आणि ओल असते तिथे भेग असते. ओलीचा माग काढत केसासारखं मूळ आत जातं. आत शिरल्यावर त्याचं खरं काम सुरू होतं, लांबायचं नव्हे, जाड व्हायचं. वर्षाला एखादा मिलिमीटर. पाथरवट सुतकीने एक पाचर ठोकतो, दगडाची नस उकलेपर्यंत थांबतो, मग पुढची ठोकतो. मूळ तेच करतं, फक्त ठोका ऐकू येत नाही. मुळातून पाझरणारी आम्लं चुन्याला सोडवत असतात आणि रोपाचं झाड झालं की वारा त्याला हलवतो, म्हणजे भेगेत रुतलेली पहार कुणीतरी दिवसरात्र वरखाली करत राहावं तसं होतं. आमच्याकडचा उपाय हिंगात नव्हता, तो गळक्या पाइपात होता. पाइप बदलायला सभेची आणखी दोन वर्षं गेली.

किल्ल्यांचे तट चुन्यात बांधलेले. घाणीत बैल फिरवून मळलेला तो चुना उत्तम खरा, पण सच्छिद्र, ओल धरून ठेवणारा. वड-पिंपळ-उंबराला याहून चांगलं घर नाही. दिवाळीनंतर दुर्गप्रेमी पोरं बुरुजांना लटकून ही रोपं उपटताना दिसतात. ते काम रोप वीतभर असेपर्यंतच करण्यासारखं असतं. एकदा खोड मनगटाएवढं झालं की प्रश्न उलटा होतो. कंबोडियातलं ता प्रोम हे मंदिर, सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये उभारलेलं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण. तिथल्या जीर्णोद्धाराच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे. छपरांवरून अजस्र मुळं खाली उतरली आहेत, चिऱ्यांत घुसली आहेत, चिरे फाकले आहेत. पण फाकलेले ते चिरे आता धरून कोणी ठेवलेत, तर त्याच मुळांनी. झाड काढलं तर भिंत येईल, ठेवलं तरी कधीतरी येईल. कुठल्या मुळाला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवावं लागतं.

मूळ धरून ठेवतं ते कसं, हे बघायला कंबोडियाला जायला नको. कुठल्याही वडाखाली उभं राहा. नवी पारंबी सैल लोंबकळत असते, सुतळीसारखी, वाऱ्याने हेलकावणारी. आपण झोके घेतले ते जरा जाड पारंब्यांवर, पण त्याही मातीला टेकलेल्या नव्हत्या. जमिनीत एकदा शिरली की पारंबी बदलते. तिच्या आत एक खास प्रकारचं लाकूड तयार होतं आणि त्याचे धागे आकसतात. सैल दोरी ताणून बांधलेल्या तारेसारखी होते. बोटाने छेडली तर थरथरते. तंगल्यावर मग ती जाड होत जाते आणि शेवटी खांब बनते. कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचं मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं. झाडाला फारसं काही वाटलं नाही, ते पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतं आहे. संगमनेरजवळ पेमगिरीला गेलात तर तिथल्या वडाखालीही मूळ खोड कोणतं, यावर गावात दोन मतं निघतील.

हे ओढणं, धरणं, जाड होणं मेघालयातल्या खासी लोकांनी असं हाताशी धरलं, की त्याला स्थापत्यच म्हणावं लागतं. चेरापुंजीच्या पठाराचा दक्षिण उतार म्हणजे वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. खोल दऱ्या, पावसाळ्यात वेड्यासारखे धावणारे ओढे. सुपारी, तेजपान, मध घेऊन बाजाराला जायचं तर ओढा ओलांडायला हवा. बांबूचा पूल केला तर काही वर्षांत कुजतो, नाहीतर वाहून जातो. म्हणून ओढ्याच्या काठी रबराचं झाड लावायचं. हे चिकाच्या व्यापारी रबराचं नव्हे, तर आपल्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उभं असतं ते, जाड तुकतुकीत पानांचं, वडा-पिंपळाचं सख्खं भावंड. त्याला पारंब्या येतात. त्या कोवळ्या असताना पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून किंवा बांबूच्या मांडवावरून पलीकडच्या काठाकडे वळवायच्या. कोवळं मूळ सुपारीच्या खोडाच्या ओल्या पन्हळीतून पुढे सरकत राहतं. दोन मुळं एकत्र पिळून बांधली की घासून घासून साल जाते, आतली लाकडं एक होतात आणि गाठ उरत नाही, सांधा होतो. पलीकडे पोचलं की मातीत खुपसायचं. मग ते तंगतं, जाड होतं. मधल्या जागेत नवी मुळं विणायची, दगड बसवायचे, माती भरायची.

पाय ठेवण्याजोगा पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. जो झाड लावतो तो बहुधा पुलावरून चालतो तेव्हा त्याचे केस पिकलेले असतात किंवा तो चालतच नाही, नातू चालतो. खासी भाषेत या पुलांना जिंगकिएंग जरी म्हणतात. इंग्रजांच्या सैन्यातला इंजिनिअर हेन्री यूल याने १८४४ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. लोखंडी पूल उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात मजबूत असतो आणि दुसऱ्या दिवसापासून गंजायला लागतो, याची त्याला रोजची सवय. इथे उलटं. झाड जगेल तोवर पूल दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जाड. नोंग्रिआट गावात तर दोन मजली पूल आहे, एकाच्या वर एक. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले वास्तुरचनाकार फर्डिनांड लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा ७४ पुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुळांचं हजारो छायाचित्रांवरून केलेलं नकाशीकरण पाहिलं की एक गोष्ट जाणवते, या पुलांना आराखडा असा नव्हताच. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीने वळवलेलं मूळ पाहिलं, या वर्षी फुटलेलं नवं मूळ पाहिलं आणि ठरवलं, हे इथून घ्यायचं. निर्मितीबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात प्रतिभेचा झटका, रात्री सुचणं वगैरेला फार मान आहे. या पुलांत सुचण्याचा भाग केव्हाच संपला. उरलं आहे ते दर पावसाळ्यानंतर जाऊन दोऱ्या तपासणं. २०२२ मध्ये हे पूल जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. त्याहीपेक्षा मला आवडलेली बातमी अशी, की काही गावांत नवे पूल सुरू केले जात आहेत. त्यांच्यावरून चालायला मी असणार नाही.

आमच्या खिडकीतल्या रबराच्या झाडाने गेल्या जूनमध्ये सिमेंटची कुंडी तडकवली. मोठी आणली. पावसाळ्यात खोडाला दोन पारंब्या फुटल्या, लालसर टोकाच्या, अंगाने सुतळीएवढ्या. एक वाळली. दुसरी मी अर्ध्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीत घातली, खाली ओलं शेवाळ अंथरलं आणि पन्हळ खिडकीच्या गजाला सुतळीने बांधली. रोज सकाळी चहाच्या आधी पिचकारीने पाणी मारते. लेकीने परवा विचारलं, "आई, हे काय गं?"

"पूल."

"कुठे जायला?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत."

तिने पट्टी आणून मोजलं. एकोणीस सेंटीमीटर झाला होता. अजून चाळीस बाकी आहेत.